यजमानाचे माप

माझ्या बाहेरच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर, छताच्या खाली दीड हातावर टीव्ही लावलेला आहे. खुर्चीत बसून तो पाहायचा म्हणजे मान मागे टाकावी लागते. नवा माणूस घरात आला की आधी टीव्हीकडे पाहतो, मग माझ्याकडे. पुतण्याने मध्यंतरी भिंतीला चिकटणारा पातळ टीव्ही आणला. तो बसवायला आलेला कारागीर म्हणाला, "बाबूजी, इतना ऊपर कौन देखेगा?" मी त्याला जुन्याच जागी बसवायला सांगितले. ती जागा दामूगुरुजींनी ठरवलेली आहे, आणि ती ठरवताना त्यांची एक चूक झाली होती. चूक माझीही होती. ती लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

दामोदर लेले हे काशीत बालाजी घाटामागच्या गल्लीत राहत. घराणे कोकणातले, पण चार-पाच पिढ्या काशीत गेलेल्या. त्यामुळे त्यांचे मराठी घरातले आणि हिंदी गल्लीतले, आणि दोन्हींमध्ये दार नव्हते. व्यवसाय याज्ञिकाचा. मंत्र म्हणायला दुसरे असत; गुरुजी जमीन आखून देत. खुंट्या आणि दोरा एवढ्यावर ते कुंड, वेदी, मंडप असे काही उभे करत की मी, ज्याने तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली, त्यात कोन तपासायला गेलो आणि गप्प परतलो.

उंच, काटकुळा माणूस. खांद्याला कापडी पिशवी. तीत ओळंबा, पातळी पाहायची पाणसळ, चुन्याची पुरचुंडी, हातोडी आणि दोऱ्याची गुंडाळी. गुरुजींना बसलेले मी कधी पाहिले नव्हते. कोणाच्याही घरी गेले की "बसतो, बसतो" म्हणत आणि उभे राहत. चहा उभ्यानेच, तोही बशीत, तीन घोटांत. बोलताना उजव्या हाताच्या अंगठ्याभोवती दोरा गुंडाळत आणि सोडत. दोरा थांबला की समजावे, गुरुजी निघाले. एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, जरा टेका." ते म्हणाले, "मास्तर, टेकलो की मग उठायचं राहून जातं." आणि मी चप्पल काढेपर्यंत ते आठ पायऱ्या खाली गेले होते.

त्यांचा एक नियम होता. कुंडाचे माप यजमानाच्या शरीरावरून घ्यायचे. यजमान दोन्ही हात वर करून उभा राहिला की जी उंची येते, तिचा पाचवा भाग म्हणजे एक हात. हाताचा चोविसावा भाग म्हणजे एक अंगुळ. यज्ञ ज्याचा, माप त्याचे. मी एकदा सुचवले की इंचाची पट्टी वापरली तर काम लवकर होईल. त्यांनी दोरा गुंडाळत विचारले, "इंच कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही. ज्याचा मालक ठाऊक नाही त्या मापानं मी काम करत नाही, मास्तर."

या नियमापायी त्यांनी एक मोठे काम सोडले. राजा घाटाजवळ एका व्यापाऱ्याने यज्ञ मांडला होता. मंडप भव्य, माणसे शेकडो, आणि यजमान सेठजी साडेचार फुटांचे. गुरुजींनी त्यांना सर्वांसमोर हात वर करून उभे केले. सेठजी बराच वेळ पोलिसाने धरल्यासारखे उभे होते. मापाने कुंड आखले, ते त्या मंडपात अंगणातल्या आळ्याएवढे दिसू लागले. व्यवस्थापक अस्वस्थ झाला. "गुरुजी, यह तो बहुत छोटा है. लोग क्या कहेंगे?"

"सेठजी का हाथ लंबा कर दीजिए, कुंड अपने आप बड़ा हो जाएगा," असे म्हणून गुरुजींनी खुंट्या उपटल्या, दोरा गुंडाळला आणि निघाले. दुसऱ्या कोणी टेप घेऊन ते कुंड हवे तेवढे केले. गुरुजींनी त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. फक्त त्या गल्लीने जायचे टाळू लागले, आणि त्यामुळे त्यांचे रोजचे चालणे दुप्पट झाले.

अशा माणसाकडे टीव्हीचे काम कसे आले ते सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबलची तार आली. खोल्या लहान, टीव्ही मेजावर ठेवावा तर माणसांनी बसायचे कुठे हा प्रश्न. म्हणून लोकांना तो भिंतीवर हवा होता. पण आमच्या घरांच्या भिंती पातळ लखौरी विटांच्या आणि जुन्या चुन्याच्या. विजेचे काम करणारा यंत्राने भोक पाडी, आणि भोकातून पसाभर भुगा खाली येई. शेजारच्या पांडेजींच्या भिंतीत त्याने अशी चार भोके पाडली. चौथ्या दिवशी लोखंडी चौकट मुळासकट बाहेर आली. टीव्ही खाली झोपलेल्या पांडेजींच्या उशापासून वीतभर दूर पडला.

पांडेजी गुरुजींना बोलावून घेऊन आले. गुरुजींनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत खोलीला दोन फेऱ्या घातल्या. "मास्तर, ऐका. इथं बोलते, इथं मुकी आहे. मुक्या जागी ठोकायचं." त्यांनी तिथल्या विटा हाताने काढल्या, सागवानी खुंट्या बसवल्या, चुना आणि विटांची पूड भरली, आणि तीन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. मग चौकट चढवली. ती चौकट आजही हलत नाही. त्यानंतर गल्लीतला प्रत्येक टीव्ही गुरुजींनी लावला.

उंची ठरवण्याची त्यांची रीत अर्थात तीच. घराच्या कर्त्या पुरुषाला समोर बसवायचे, त्याच्या डोळ्यापासून भिंतीपर्यंत दोरा ताणायचा, पाणसळ धरायची, चुन्याची खूण करायची. "यजमान, हलू नका." पांडेजींच्या घरी पांडेजी, मिश्रांच्या घरी मिश्राजींचे वडील. बायका स्वयंपाकघराच्या दारातून, उभ्याने पाहत. त्यांचे माप कोणी घेतले नाही. हे मला त्या वेळी दिसले नव्हते.

आता माझ्या घराचे.

माझी पत्नी सुमती कार्तिकात घाटाच्या पायरीवरून घसरली. मणक्याला इजा झाली. डॉक्टरांनी तिला फळीवर पाठीवर सरळ निजवून ठेवायला सांगितले. उशी नाही, मान उचलायची नाही. पांघरुणाचा भार पायांवर पडू नये म्हणून पायांवर वेताची एक कमान ठेवली होती. दहा बाय आठच्या बाहेरच्या खोलीत तिचा पलंग, माझी खुर्ची आणि पाण्याची तिवई, एवढेच मावे. असे आठ महिने गेले.

सुमती साताऱ्याची. लग्न होऊन काशीत आली त्याला चाळीस वर्षे झाली होती. या चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, मी निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत जाण्याची. ती मी नाकारली. दुसरी त्या उन्हाळ्यात मागितली. केबलवर मराठी वाहिनी दिसू लागली आहे असे तिला पांडेजींच्या सुनेने सांगितले होते.

"अहो, तेवढी एक लावता आली तर बघा," ती म्हणाली. "आपल्याकडची माणसं दिसतील."

मी चौदा इंची रंगीत टीव्ही आणला आणि दामूगुरुजींना निरोप पाठवला.

ते आले तेव्हा वीज गेलेली होती. खोलीत उकडत होते. गुरुजी दार ते खिडकी, खिडकी ते दार असे चालू लागले; त्या खोलीत ती तीन पावले. भिंत वाजवली, उत्तरेची भिंत निवडली. मग म्हणाले, "यजमान, बसा."

मी बसलो. हे मला नीट आठवते. टीव्ही कोणासाठी आहे हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. तरी ते 'यजमान' म्हणाले आणि मी खुर्ची पलंगाच्या कडेला ओढून ताठ बसलो. दोरा माझ्या डोळ्यापासून निघून सुमतीच्या अंगावरून भिंतीपर्यंत गेला. ती खालून त्या दोऱ्याकडे पाहत होती. गुरुजींनी विचारले, "ठीक?" मी म्हणालो, "ठीक." तिला कोणी विचारले नाही.

तीन दिवस चुना वाळला. चौथ्या दिवशी टीव्ही चढला. केबलवाल्याने तार जोडली, आणि संध्याकाळी खोलीत मराठी बातम्या सुरू झाल्या. सुमतीने डोळे मिटून घेतले. मला वाटले, तिला बरे वाटते आहे.

"दिसतं ना?" मी विचारले.

"ऐकू येतं," ती म्हणाली. "छान येतं."

या उत्तरात काय नव्हते ते मी तपासायला हवे होते. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या.

पाच दिवसांनी गुरुजी भिंत पाहायला आले. बातम्या चालू होत्या. त्यांनी चौकट हलवून पाहिली, समाधानाने दोरा अंगठ्याभोवती फिरवला आणि सुमतीला विचारले, "वहिनी, चित्र कसं आहे?"

"ही बातम्या देणारी मुलगी टिकली छान लावते, गुरुजी. काल लाल होती, आज हिरवी."

"आणि साडी?" गुरुजींनी सहज विचारले.

"ते तुम्ही सांगा. मला टिकलीपर्यंतच दिसतं. त्याखाली माझी कमान आहे."

हे तिने हसत सांगितले. गुरुजींचा दोरा थांबला. ते पलंगाच्या डोक्याकडे गेले, वाकले, तिच्या डोक्याच्या पातळीवर आपले डोके आणले आणि भिंतीकडे पाहिले. वेताच्या कमानीवरून पडद्याची चार बोटांची पट्टी दिसत होती. तीत केस, कपाळ आणि एक टिकली.

"पाच दिवस?" ते म्हणाले.

"तुम्ही इतकं मन लावून केलंत," सुमती म्हणाली. "आणि हे रोज विचारत होते. कसं सांगायचं?"

गुरुजी सरळ उभे राहिले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, माझं चुकलं. तुमचंही." चहा ठेवलेला होता, तो न घेता गेले.

संध्याकाळपर्यंत मला गल्लीतल्या तिघांनी सांगितले की गुरुजी घाटाच्या पायऱ्या खालीवर करत आहेत आणि कोणाशी बोलत नाहीत. मी गेलो नाही. घरात सुमतीने टीव्ही बंद करायला सांगितला. "राहू द्या आता. त्यांना पुन्हा भिंत फोडायला नका लावू. वाईट वाटेल त्यांना." त्या दिवशी मी खुर्चीत बसू शकलो नाही. मीही त्या तीन पावलांत फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्नान करून, धूतवस्त्र नेसून आले. यज्ञाच्या आखणीला जात तसे. हातात दोऱ्याची नवी गुंडाळी होती. दारातूनच बोलू लागले, उंबरा ओलांडायच्या आधी.

"रात्रभर पोथ्या चाळल्या, मास्तर. माप यजमानाचं, असंच सगळीकडे आहे. पत्नीचं माप कुठं सांगितलेलं नाही. पण घेऊ नये असंही कुठं सांगितलेलं नाही. आणि खरं म्हणाल तर पोथीचा दोष नाही. यजमान कोण ते ओळखायचं काम माझं होतं." मग सुमतीकडे वळून हात जोडले. "वहिनी, आज यजमान तुम्ही."

"मी हात वर करून उभी नाही राहायची हो," सुमती म्हणाली.

"त्याची सोय आहे. यजमान उभा राहू शकत नसेल तर मधल्या बोटाचं मधलं पेर एक अंगुळ म्हणून चालतं. मास्तर, तुम्ही घ्या माप. मी हात लावणार नाही."

मी तिचे बोट धरले आणि दोऱ्यावर पेराची खूण केली. बोट फार बारीक झाले होते. गुरुजींनी ती खूण पाहिली आणि दोऱ्यात एकामागून एक गाठी मारल्या. त्यांचे ओठ मोजत होते. मग दोऱ्याचे टोक माझ्या हातात दिले.

"हे त्यांच्या डोळ्यापाशी धरा. तुमचा डोळाही तिथंच आणा. दोरा कुठं जातो ते तुम्हाला दिसलं पाहिजे."

मला जमिनीवर गुडघे टेकून डोके तिच्या डोक्याशेजारी, फळीवर ठेवावे लागले. आठ महिन्यांत मी तिथून प्रथमच पाहिले. वर दगडी पाट्यांचे छत होते. दोन पाट्यांच्या सांध्यात ओलीचा एक तपकिरी डाग होता. खिडकीचा वरचा गज दिसे, आकाश दिसत नसे. माझी खुर्ची तिथून दिसत नव्हती. मी रोज जिथे बसून तिला सोबत करीत होतो, ती जागा.

"तो डाग बघताय?" ती हळू म्हणाली. "होळीला करंगळीएवढा होता."

मला तो डाग ठाऊक नव्हता. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

गुरुजी दोरा ताणून भिंतीवर वर-वर नेत होते. "वहिनी, मान न हलवता, नुसत्या नजरेला सुख कुठं वाटतं? इथं? अजून वर?"

"अजून थोडं."

"इथं?"

"हं. तिथं."

ती खूण छताखाली दीड हातावर आली. तिच्या मापाने डोळ्यापासून भिंतीपर्यंत एकशे सदतीस अंगुळे. जुन्या खुंट्या काढून त्यांनी सगळे काम पहिल्यापासून केले. तीन दिवस चुना वाळेपर्यंत ते रोज दोनदा येत, भिंतीला हात लावून जात. टीव्ही चढवल्यावर मागून लाकडी पाचर देऊन तो पुढे झुकवला आणि घसरू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चौकटीला करकचून बांधली. दिसायला ते वाईट होते. पांडेजी म्हणाले, "गुरुजी, टीवी है कि बंदर का बच्चा, माँ के पेट से बाँध दिया." गुरुजींनी पट्टीला आणखी एक गाठ मारली.

बातम्यांच्या वेळेला नेमकी वीज गेली. गुरुजी दारात उभे, मी खिडकीशी. पाच मिनिटे, दहा मिनिटे. गुरुजी गल्लीत जाऊन तारेकडे पाहून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. सुमती म्हणाली, "गुरुजी, बसा तरी."

"बसतो, बसतो."

वीज आली. पडदा आधी पांढरा झाला, मग चित्र आले. सुमतीची नजर पडद्यावर वरून खाली आली आणि खालीच थांबली.

"साडी जांभळी आहे," ती म्हणाली. "काठ हिरवा. आमच्याकडे असा काठ नेसतात."

मी गुरुजींकडे पाहिले. दार रिकामे होते.

त्यानंतर सुमती सात महिने जगली. हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेली. ते सात महिने तो टीव्ही रोज चालू होता. तिला कार्यक्रमांपेक्षा हवामानाचा अंदाज अधिक आवडे. साताऱ्याला पाऊस आहे का ते ती मला सांगे. मी खुर्ची पलंगाच्या डोक्याकडे, तिच्या नजरेला दिसेल अशी, तिच्याकडे तोंड करून सरकवून घेतली होती. तिथून मला पडदा नीट दिसत नसे.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी गुरुजी आले. खांद्याला पिशवी होती. पलंगावरची गादी काढलेली होती, फळी उघडी होती. टीव्ही मी लावून ठेवला होता. आवाज लहान होता. गुरुजींनी चौकटीकडे पाहिले, माझ्या मागे टाकलेल्या मानेकडे पाहिले आणि पिशवीतून ओळंबा काढला.

"मास्तर, खाली घेऊ? आता यजमान तुम्ही."

"राहू द्या."

"मान दुखेल."

"दुखू दे."

ओळंबा त्यांच्या हातात थोडा वेळ झुलत राहिला. मग त्यांनी तो पिशवीत ठेवला, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि जमिनीवर, पलंगाच्या पायाला पाठ लावून बसले. त्यांनी मान मागे टाकली. वर हवामान सांगत होते: सांगली, कोल्हापूर, सातारा. आम्ही दोघे बातम्या संपेपर्यंत तसे बसलो होतो. नंतर मी चहा केला. तो त्यांनी बसून घेतला, कपातून, सावकाश.

उठताना पिशवीतून गाठी मारलेला तो दोरा काढला आणि चौकटीखालच्या खिळ्याला अडकवला. "हे माप दुसऱ्या कुठं चालायचं नाही," एवढेच म्हणाले. महिनाभरात ते मुलाकडे नागपूरला गेले. तिकडेच वारले, असे पुढे कळले.

दोरा अडकवून गेले, त्या दिवशी मी खिडकीशी उभा राहून त्यांना जाताना पाहिले. गल्लीच्या वळणावर एक गाय आडवी उभी होती. घाईने बाजूने निघून जाण्याऐवजी ते तिच्यामागे थांबले. ती हलेपर्यंत थांबून राहिले. उजव्या हाताचे बोट अंगठ्याभोवती फिरत होते, आणि हातात दोरा नव्हता.